कोपऱ्यातल्या ताऱ्यांचा लोचा

"माझ्याच डोळ्याला फाटे फुटलेत गं माय."

आजी असं म्हणाली आणि माझ्या ग्रेट गिफ्टचा तिथल्या तिथे निकाल लागला!

गोष्ट गेल्या वर्षीच्या संक्रांतीची. पुण्याहून आजोळी गेले ते एक भलंमोठं पार्सल बगलेत मारूनच. आजोळ धाराशिव जिल्ह्यात, नळदुर्गच्या जवळ. पार्सलमध्ये ए-थ्री साइजचा चकचकीत प्रिंट. विषय : कृत्तिका. दुर्बीण, कॅमेरा, जागरणं, एडिटिंग, सगळं अस्मादिकांचं! ऑफिसवाल्या मित्रमंडळींनी 'वॉव'चा पाऊस पाडला होता, त्यामुळे मी आधीच दोन बोटं हवेत.

कृत्तिका म्हणजे आमच्या आजीचा आय टेस्टचा चार्ट. लहानपणी आम्ही सगळी भावंडं शेतात कडब्यावर पाठ टेकून पडलेलो असायचो आणि आजी एकेकाला विचारायची, "कितीक दिसायल्या?" सहा म्हणणारा पास. सात म्हणणाऱ्याला घारीच्या नजरेचं सर्टिफिकेट. आमच्या एका मावसभावाने चार सांगितल्या, तर पुढच्याच आठवड्यात त्याला सोलापूरला नेऊन चष्मा लावला!

आता आजी ऐंशीच्या पुढे आहे. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालीत. जवळचं चष्म्याने छान दिसतं, पण आकाशातला तो बारीक झुबका काही तिला पकडता येत नाही. म्हणून माझी आयडिया अशी, की तिच्या कृत्तिकाच हातभर अंतरावर आणून ठेवायच्या.

आजीने प्रिंट खिडकीपाशी नेला. बोट फिरवत फिरवत मधल्या मोजल्या. मग बोट कडेला गेलं आणि थांबलं. "मधल्या बसल्यात. पण ह्या कडेच्या पोरी पळायल्यात की. शेपट्या फुटल्यात त्यांना." थोडं थांबून, स्वतःशीच बोलल्यासारखं ते डोळ्याला फाटे फुटल्याचं वाक्य.

मी हसून टाळलं. आजीने टाळलं नाही. ऑपरेशन बिघडलं असं तिने मनाशी पक्कं धरलं, आठ दिवस मामांच्या मागे भुणभुण केली आणि शेवटी मामांनी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. संध्याकाळी मला मामांचा फोन. "डोळे एकदम चांगले हायत म्हणले. फोटो कुणी काढला ते इचारलं!"

बॉस, त्या दिवशी मला खरंच लाज वाटली. प्रिंट काढून नीट बघितला. आजी शंभर टक्के बरोबर होती. मधले तारे टिपक्यासारखे गोल आणि कोपऱ्यातले? जणू पंख फुटलेले पाखरू! 'वॉव' म्हणणाऱ्या एकानेही कोपरा बघितला नव्हता. आणि खरं सांगायचं तर मीही नव्हता.

शेपटी येते कुठून?

माझी दुर्बीण सेकंडहॅण्ड, सहा इंची, न्यूटोनियन. म्हणजे नळीच्या तळाशी पॅराबोलाच्या आकाराचा आरसा. आरशाचा व्यास १५० मिलिमीटर, फोकल लेंग्थ ७५०. भागाकार केला की आला एफ/५. कॅमेऱ्याच्या लेन्सवर असतो तोच एफ.

पॅराबोला आरशाचा फंडा सोपा आहे. समोरून सरळ येणारे सगळे किरण तो एका बिंदूत आणतो. एकदम क्लीन. पण फोटोच्या कडेला जो तारा पडतो, त्याचे किरण थोडे तिरके येतात. मग आरशाच्या मधल्या भागावर पडलेले किरण एका जागी जमतात आणि आरशाच्या कडेवर पडलेले जरा बाजूला. टिपक्याऐवजी पंखा पसरतो. टोक फोटोच्या मध्याकडे, पिसारा बाहेरच्या बाजूला. ह्या दोषाला म्हणतात कोमा. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ केस, आणि धूमकेतूच्या डोक्याभोवतीच्या झगमगाटालाही तेच नाव. कोपऱ्यातला प्रत्येक तारा छोटा धूमकेतू दिसतो तो काय उगाच नाही.

आता थोडे आकडे, कंटाळू नका. एफ/५ च्या अशा आरशात जिथे कोमा जाणवत नाही तो मधला गोल किती मोठा असावा? व्यास जेमतेम पावणेतीन मिलिमीटर! आणि माझ्या डीएसएलआरचा सेन्सर २२ मिलिमीटर रुंद. त्याच्या कोपऱ्यात ताऱ्याची शेपटी हिशोबाने मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी लांब होते. ऐकायला काहीच नाही. पण सेन्सरचा एक पिक्सेल चारेक मायक्रॉनचा, म्हणजे शेपटी झाली पंचवीस पिक्सेलची. ए-थ्रीवर ती ऐंशीच्या पुढच्या आजीलाही दिसणारच.

मग मोठ्या एफची दुर्बीण का नाही घ्यायची? घेता येते. एफ दुप्पट केला की कोमा चौथ्या हिश्श्यावर येतो. पण प्रकाशही तितकाच पातळ होतो, आणि कृत्तिकांभोवतीचं ते निळसर धुकं टिपायला चौपट वेळ लागतो. ते धुकं म्हणजे धूळ आहे. ताऱ्यांचा उजेड तिच्यावरून परावर्तित होतो आणि ४४० वर्षांचा प्रवास करून आपल्याकडे पोचतो. त्यासाठी एफ कमीच हवा. एफ कमी हवा तर कोमा आलाच. पॅकेज डील!

कापा, पुसा की सुधारा?

माझ्यासमोर तीन रस्ते होते.

पहिला, क्रॉप. कोपरे कापून टाका, कुणाला कळणार? अर्धी दुनिया हेच करते. पण माझ्या फोटोत कृत्तिकांचा झुबका जवळपास एक अंशाचा आणि अख्खी फ्रेम पावणेदोन अंशांची. झुबक्याच्या दोन टोकांच्या तारकांनाही हलकी शेपटी होतीच. सगळं कापायचं तर पोरीच कापल्या गेल्या असत्या!

दुसरा, सॉफ्टवेअर. २०२२ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या ब्लरएक्सटर्मिनेटरसारखे एआयवाले प्रोग्रॅम वाकडे तारे गोल करून देतात, आणि सॉलिड करून देतात. मी त्यांच्या विरोधात नाही. पण तारा फारच फाटलेला असेल तर तिथे काय होतं ते प्रोग्रॅम अंदाजानेच ठरवतो. आणि माझ्या दुर्बिणीत बिघाड नेमका कुठे आहे, हे मला कधीच कळलं नसतं.

तिसरा रस्ता जुना. कोमा करेक्टर. कॅमेऱ्याच्या पुढे बसणारं, आत भिंगं असलेलं नळकांडं. ते उलट्या दिशेचा कोमा तयार करतं, दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. ही काही आजची आयडिया नाही. अमेरिकेत पालोमारची २०० इंची दुर्बीण बनत होती ती एफ/३.३ ची. तिथे कोमाचा प्रश्न माझ्यापेक्षा किती तरी वाईट. तिच्यासाठी फ्रँक रॉस यांनी १९३० च्या दशकातच करेक्टरची भिंगं डिझाइन केली होती. हल्ली तीच कल्पना हौशी लोकांच्या बजेटमध्ये मिळते. माझ्या बजेटमध्ये नव्हती, पण दोन लेखांचं मानधन आलं आणि मी डोळे मिटून ऑर्डर केली.

पुण्यातल्या गच्चीवर टेस्ट घेतली. पंख गेले! पण तारे गोल नाही झाले. चारही कोपऱ्यांत तांदळाच्या दाण्यासारखे लांबट, दाण्याचं टोक फोटोच्या मध्याकडे. म्हटलं, पुण्याच्या आकाशाला दोष देऊन टाकू. येळवस येतेच आहे, तिकडच्या काळ्याकुट्ट आकाशात बघू.

जेऊर, दोन मिनिटं

येळवस ठाऊक नसेल तर तुम्ही लातूर-धाराशिवकडचे नाही! वेळ अमावास्या. मार्गशीर्षातली अमावास्या, डिसेंबरच्या शेवटी किंवा जानेवारीच्या सुरुवातीला येते. त्या दिवशी गावं रिकामी आणि शेतं भरलेली. कडब्याची कोप करायची, आत पांडव मांडायचे, त्यांची पूजा करायची, आणि मग ज्याला त्याला हाताला धरून जेवायला बसवायचं. भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. आणि आमच्यासारख्या येडचापांसाठी बोनस म्हणजे सणच अमावास्येचा. चंद्र सुट्टीवर!

सोलापूरपर्यंत रेल्वे, पुढे एसटी. दुर्बिणीची नळी बघून कंडक्टर म्हणाले, "बोअरचा पाइप टपावर टाकायचा, आत नाही." समजूत घालता घालता नळदुर्ग आलं.

पण त्याआधी रेल्वेतली गंमत. दौंडनंतर, कुर्डुवाडीच्या अलीकडे जेऊर नावाचं स्टेशन लागतं. करमाळा तालुका. चहासुद्धा न घेता आपण पुढे जातो. तिथे २२ जानेवारी १८९८ ला खग्रास सूर्यग्रहण झालं, जेमतेम दोन मिनिटांचं. त्यासाठी पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी तिथे तळ ठोकला होता. आणि अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेलही. कॅम्पबेल यांच्याकडे होता ४० फूट लांब कॅमेरा! पाच इंची भिंग उंचावर, फोटोची काच खाली. हिशोब केला तर एफ/९६. त्यांना सूर्याभोवतीच्या प्रभेचं मोठं चित्र हवं होतं आणि ४० फुटांमुळे सूर्याची तबकडी काचेवर अकरा सेंटिमीटरची पडायची. इतक्या मोठ्या एफला कोमा औषधालाही सापडायचा नाही. कडेच्या चित्राची चिंताच नको.

खिडकीतून जेऊरची पाटी मागे जाताना मी माझ्या पायाशी आडव्या पडलेल्या अडीच फुटी नळीकडे बघितलं. त्यांना ग्रहणाचा लखलखीत उजेड होता, म्हणून ४० फूट परवडले. मला हवी होती अंधारातली धूळ. शॉर्टकट घेतला की कोपऱ्यात किंमत मोजावी लागते, एवढाच काय तो फरक.

मामांचा 'पॅकिंग'चा सल्ला

येळवसच्या आदल्या रात्री शेतात मांडामांड केली. दूर हायवेवरच्या ढाब्यांचा उजेड आणि क्षितिजावर पवनचक्क्यांचे लाल दिवे सोडले तर अंधार असा, की स्वतःचा हात दिसेना. टेस्ट शॉट घेतला. लॅपटॉपवर मोठा करून बघितला. तेच ते तांदूळ!

मग शांतपणे एकेक शंका काढायला बसले. तुम्हालाही हीच यादी कामाची आहे, म्हणून क्रमाने सांगते.

मधला तारा गोल आहे का? आहे. म्हणजे फोकस आणि ट्रॅकिंग ठीक. सगळ्या फोटोभर तारे एकाच दिशेला ताणलेले असते तर दोष दुर्बीण फिरवणाऱ्या मोटारीचा किंवा ध्रुवाकडे रोखण्यातला. भिंगांना शिव्या घालायचं कारणच नाही.

आरसे एका रेषेत आहेत का? त्याला कॉलिमेशन म्हणतात. एसटीने आलेल्या दुर्बिणीचं ते हललेलं असणारच. संध्याकाळीच स्क्रू फिरवून जुळवलं होतं. हे न करता करेक्टरशी खेळणं म्हणजे चाकात हवा न भरता अलाइनमेंट करणं.

एकच कोपरा वाईट आहे का? तसं असेल तर काहीतरी तिरकं बसलंय. मग कॅमेरा अर्धा वळसा फिरवायचा. वाईट कोपरा फोटोत त्याच जागी राहिला तर तिरकेपणा कॅमेऱ्याच्या बाजूला. समोरच्या कोपऱ्यात गेला तर दुर्बिणीच्या बाजूला. माझे चारही कोपरे सारखेच वाईट होते.

चारही सारखे वाईट, दाणे मध्याकडे तोंड करून. ह्याचा बहुतेक वेळा एकच अर्थ. सेन्सर करेक्टरच्या जास्त जवळ आहे. दाणे मध्याभोवती गोल फेर धरून उभे असते तर उलट, सेन्सर जास्त लांब.

दुसऱ्या दिवशी दुपारी, भज्जीवर ताव मारता मारता, मी हे सगळं मामांना सांगत होते. करेक्टरच्या मागच्या कडेपासून सेन्सरपर्यंत ५५ मिलिमीटर लागतात. कमी नाही, जास्त नाही. कॅननच्या ईएफ माउंटवाल्या डीएसएलआरमध्ये सेन्सर ४४ मिलिमीटर आत असतो आणि मध्ये बसणारी टी-रिंग असते ११ ची. ४४ आणि ११, झाले ५५. निकॉनच्या एफ माउंटमध्ये साडेशेहेचाळीस अधिक साडेआठ, पुन्हा ५५. सगळं जगाने जुळवून ठेवलंय. "मग माझंच का जुळंना?"

मामा उंडा मोडत म्हणाले, "ती रिंग खरंच अकराची हाय का? मोजलीस?"

...

नव्हती मोजली. वर अकरा लिहिलेलं होतं, म्हणजे अकरा. आम्ही शहरातले लोक पाटी वाचतो, मामा मोजतात. विहिरीवरच्या मोटारीपासून तिफणीपर्यंत मामांचं एकच तत्त्व. आवाज येतो, हादरते, ढिलं वाटतं? मोजा आणि पॅकिंग घाला.

पंगतीत मामांचे एक दोस्त होते, मोटार रिवाइंडिंगचं दुकान असलेले. त्यांनी हात धुतले, पोराला मोटारसायकलवर दुकानात पिटाळलं. तांब्याच्या तारेची जाडी मोजायला त्यांच्याकडे मायक्रोमीटर असतोच. माझी स्वस्तातली टी-रिंग त्यांनी त्यात धरली, डोळा बारीक केला आणि म्हणाले, "दहा पूर्णांक तीन."

पाऊण मिलिमीटरला थोडं कमी. माझं अख्खं वर्ष तेवढ्यात अडकलं होतं!

पोराने येताना अजून एक वस्तू आणली होती. मोटारीच्या खाचांमध्ये तारेच्या खाली घालतात तो इन्सुलेशनचा कडक कागद. जाडी पाव मिलिमीटर. काकांनी वाटी उलटी ठेवून पेन्सिलने गोल आखले, ब्लेडने तीन कंकणं कापली. तीन पाव, पाऊण. करेक्टर आणि टी-रिंगच्या मध्ये ती बसवली. "लई दाबून पिळू नका. तीन बाजूनी सारखं बसलं का बघा, न्हाईतर तिरपं जाईल." मी कॅमेऱ्यांबद्दल लिहिते, पण इतकी मुद्द्याची सूचना मला कुणी दिली नव्हती.

आणि ही पाऊण मिलिमीटरची गोष्ट फक्त माझ्यासारख्या नवशिक्यांची आहे असं समजू नका. १९९० मध्ये हबल दुर्बीण अवकाशात गेली आणि फोटो धुरकट आले, हे तुम्ही ऐकलं असेल. २.४ मीटरचा आरसा कडेला जवळपास २.२ मायक्रॉनने जास्त सपाट घासला गेला होता. का? आरसा तपासायच्या उपकरणातलं एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसलं होतं. मोजायचं साधनच चुकलं, त्यामुळे आरसा अगदी काळजीपूर्वक चुकीचा घासला गेला. शेवटी डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी वर जाऊन दुरुस्ती केली, म्हणजे दुर्बिणीला चष्माच लावला. हबलचा दोष कोमा नव्हता, वेगळा होता. आणि तो कोपऱ्यातच नाही, सगळीकडे होता. पण धडा तोच. मिलिमीटरला हलक्यात घ्यायचं नाही.

येळवसची रात्र

अंधार पडताना पेटते टेंभे घेऊन शेताला फेरी झाली. धूर खाली बसेपर्यंत मी दुर्बीण गार होऊ दिली. हेही महत्त्वाचं. दिवसभर उन्हात तापलेला आरसा हवेइतका गार झाला नाही तर तारे थरथरतात.

नवाच्या सुमाराला कृत्तिका जवळजवळ डोक्यावर आल्या. पहिला शॉट घेतला. मधला तारा बघितलाच नाही, सरळ वरचा उजवा कोपरा मोठा केला.

गोल!

वरचा डावा? गोल. खालचा डावा? गोल. खालच्या उजव्यात अगदी किंचित लांबट. कागद तिथे जरा दबला असणार. स्क्रू अर्धा वळसा सैल करून कॅमेरा नीट बसवला, पुन्हा शॉट. बसला! मी एवढ्या जोरात ओरडले, की कोपेत झोपलेले मामा काठी घेऊन बाहेर आले. त्यांना वाटलं, रानडुक्कर.

त्या रात्री दीड वाजेपर्यंत एकेका मिनिटाचे शॉट घेत राहिले. नंतर पुण्यात ते एकावर एक रचले आणि प्रिंट काढला. ह्या वेळी ए-टू. कोपरा न कापता, काठोकाठ.

तुम्हाला करून बघायचंय?

दुर्बीणच हवी असं नाही. साध्या कॅमेऱ्याच्या लेन्सने ताऱ्यांचा फोटो काढला तरी कोपऱ्यात पंख दिसतात. तिथे सोपा उपाय म्हणजे लेन्सचं ॲपर्चर एक-दोन स्टॉप बारीक करा. एफ/१.८ ची लेन्स एफ/२.८ किंवा ४ वर आणा, कोपरे लगेच शहाणे होतात.

दुर्बिणीवर करेक्टर असेल तर अंतर मोजा. पाटी वाचू नका, मोजा. करेक्टर आणि सेन्सरच्या मध्ये फिल्टर असेल तर काचेच्या जाडीचा एक तृतीयांश अंतरात वाढवा. तीन मिलिमीटरचा फिल्टर, एक मिलिमीटर जास्त. बदल एका वेळी एकच करा, तोही अर्ध्या मिलिमीटरच्या पावलाने. प्रत्येक वेळी फोकस नव्याने करा आणि कुठे किती होतं ते वहीत लिहून ठेवा. भिंगाच्या दुर्बिणीत कोमाऐवजी मैदान वाकडं असण्याचा त्रास असतो. तिथे फ्लॅटनर लागतो, पण अंतराचा खेळ हाच.

आणि एकट्याने डोकं आपटू नका. पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे. तिथे तुमच्यासारखे वैतागलेले लोक भेटतील. नाहीच भेटले तर जवळच्या मोटार रिवाइंडिंगवाल्याला गाठा!

यंदाची संक्रांत

परवाच गावाहून आले. तिळगूळ झाला आणि आजीने स्वतःच विचारलं, "आणलास का?" मी प्रिंट उलगडला. ह्या वेळी पोटात गोळा माझ्या होता.

आधी तिने तो लगेच घेतलाच नाही. म्हणाली, "नको गं. पुन्हा तसंच दिसलं तर?" वर्षभर तिला डॉक्टरांवर भरवसा बसला नव्हता. फोटोवर होता. नात एवढी शिकलेली, तिचा फोटो चुकेल कसा? चुकले असतील तर आपलेच डोळे. हे ऐकून मला जे वाटलं ते इथे लिहिता येत नाही.

"आजी, मागच्या वेळी फोटो चुकला होता. तुझे डोळे बरोबर होते. शेपट्या खरंच होत्या, फक्त तुलाच दिसल्या."

तिने चष्मा पुसला. प्रिंट खिडकीपाशी नेला. बोट मधून निघालं, एक, दोन, तीन, असं करत करत कडेला गेलं. सगळ्यात शेवटच्या कोपऱ्यातल्या एका बारक्याशा ताऱ्यावर थांबलं. बराच वेळ.

"बसल्या," ती म्हणाली. "समद्या बसल्या."

मग प्रिंट मामींकडे दिला, भिंतीवर कुठे लावायचा ते सांगितलं आणि माझ्याकडे वळून, एकदम जुन्या आवाजात : "आता पुढच्या येळवशीला तिकांडं आण. तेबी काठापर्यंत."

तिकांडं म्हणजे मृगाचे ते तीन तारे. माझ्या एका फ्रेममध्ये ते तिन्ही एकदम मावत नाहीत. सो, कागदाची ती तीन कंकणं मी डबीत जपून ठेवलीत. तुमच्याही कॅमेऱ्यात ताऱ्यांचा एखादा जुना फोटो असेल ना? आज रात्री तो उघडा, आणि मधलं काही बघू नका. सरळ कोपरा मोठा करा.